कोट धरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. माझ्यासारखीने आत्मवृत्त सांगावे का, याची मला खात्री नाही. सिंहासनांनी सांगावे. पण तुम्ही बसलाच आहात, तर थोडक्यात सांगते.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गाळ्यात झाला. "साईं, हाथी बिठाओ, हाथी!" असे म्हणत मालकाने मला अंबरनाथ पश्चिमेच्या एका चर्चला विकले. हत्ती कधी आला नाही. पण माझा एक पाय आखूड निघाला आणि उजव्या बिजागरीला चिमटा काढायची खोड. एका लग्नात मी वरमाईचा पदर धरला. नाताळच्या नाटकात मेंढपाळाची घोंगडी. शेवटी मला पाळक उन्मेष ओहोळ यांच्या घरी धाडण्यात आले. तिथे त्यांच्या पत्नी शलाकाबाई मला तेल घालत. मी करकरले की म्हणत, "हिलाही काहीतरी सांगायचं असतं." माझे कौतुक झाले ते एवढेच.

मागच्या वर्षी शलाकाबाई आजारपणात गेल्या. ज्यांनी शेकडो घरांत सांत्वन केले, ते पाळकसाहेब बोलेनासे झाले. त्यांनी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. रविवारी तो मंडळीपुढे वाचायचा होता. फक्त सही राहिली होती.

हे कळताच शुक्रवारी दुपारी आसपासचे पाच पाळक आले. प्रत्येकाला 'दोन शब्द' बोलायचे होते. दोन शब्द म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळले. पहिल्यांचे वीस मिनिटे चालले. दुसऱ्यांनी पहिल्यांचे राहिलेले सांगितले. तिसऱ्यांनी तीन मुद्दे काढले आणि चौथा आठवला. पाळकसाहेब भिंतीकडे पाहत होते.

माझ्यावर खरवईचे पाळक पुष्कर बसले होते. अंगाने भरलेले, स्वभावाने लाजाळू, आणि कोट मेव्हण्याचा. त्यांची पाळी आली. ते जरा सावरून बसले, मी "कर्र" म्हणाले, आणि त्यांनी उघडलेले तोंड मिटले.

पाच वाजता बाकीचे उठले. "चला पुष्करराव, गाडीत जागा आहे."

"नको. मी... बसतो जरा."

"धन्य आहात!" म्हणून ते गेले.

खरी गोष्ट अशी की मी त्यांचा कोट घट्ट धरला होता. कोट काढून उठावे, तर आतला सदरा पाठीवर फाटलेला. बिचारे घामाघूम होऊन बसून राहिले. तासाभराने पाळकसाहेब उठले आणि दोन कप चहा करून घेऊन आले. पुष्करांनी तो निमूट संपवला. मग पाळकसाहेबांनी घोट घेतला.

"यात मीठ पडलंय!"

"हो."

"मग प्यायलात कशाला?"

"तुम्ही केलात म्हणून."

"डबे तिलाच ठाऊक होते," पाळकसाहेब म्हणाले. मग थांबून म्हणाले, "सगळे गेले. तुम्ही एकटे थांबलात."

पुष्करांना खोटे मोठेपण सोसवेना. "उन्मेषराव, माफ करा. माझा कोट खुर्चीत अडकलाय."

पाळकसाहेब आधी हसले. पोट धरून हसले. हसता हसताच त्यांना रडू फुटले. पुष्करांना उठता येईना, तेव्हा ते मला पाठीला घेऊनच खुरडत निघाले. खट्, कर्र, खट्, कर्र. असे आम्ही दोघे त्यांच्याजवळ पोचलो. पुष्करांनी त्यांचा हात धरला. मी करकर थांबवली. दिवेलागणीला पाळकसाहेबांनी शलाकाबाईंची तेलाची बाटली शोधून कोट सोडवला.

शनिवारी पुष्कर पुन्हा आले. धड सदरा, कोट नाही.

"आज काय अडकलंय?" पाळकसाहेबांनी विचारले.

"आज काही नाही," पुष्कर म्हणाले आणि माझ्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत.

मी फार डुगडुगत होते. पाळकसाहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि तो माझ्या आखूड पायाखाली सारला. राजीनाम्याचा कागद चांगला जाड होता. रविवारी ते उपासनेला गेले.

मित्रांनो, जुन्या खुर्च्या भंगारात देऊ नका. तेल जरूर घाला. माझी बिजागरी मात्र आहे तशीच राहू द्या. आणि कुणाच्या दुःखाच्या घरी गेलात, तर दोन शब्द विसरलात तरी चालेल. कोट अडकला आहे असे समजून जरा वेळ बसा.