हलकेबाबांनी उचललेला भार

"एक किलो चारशे उतरलं!" काट्यावरचा आकडा वाचून किराणा दुकानदार ओरडला आणि फर्निचरच्या दुकानामागचा तो हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. काट्यावरून उतरलेल्या शाळेतल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. तासाभरापूर्वी त्याच काट्यावर त्या ब्याऐंशी किलो चारशे भरल्या होत्या, आता बरोबर एक्याऐंशी.

गादीवर बसलेल्या हलकेबाबांनी हळूच कंबर दाबली. "घेतला, बाई, तुमचाही भार घेतला. मी खाऊ नका म्हणत नाही, चाला म्हणत नाही. तुम्ही फक्त सोडा, मी उचलतो!"

चाळीस-पंचेचाळीस माणसं एका सुरात हळहळली. बिचारे बाबा! किती जणांचं ओझं वाहायचं एकट्याने!

मी शेवटच्या रांगेत बसले होते. आमच्या छोट्या दवाखान्यात वजन कमी करण्याचा सल्ला देण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून लोक मला काटेवाली बाई म्हणतात. माझ्याकडे नाव घातलं की रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि काट्याचा फोटो आमच्या ऑनलाइन गटावर टाकायचा. सोबत वहीही तिथेच भरायची: काय खाल्लं, किती चाललं, पाणी किती प्यालं, झोप कशी लागली. अडलं की लिहायचं, मी उत्तर देते, बाकीचे धीर देतात. महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी आम्ही खूश. आमच्याकडे चमत्कार नाही, त्यामुळे गर्दीही नाही. त्या महिन्यात तर गटातले तीसपैकी एकोणीस जण फोटो टाकेनासे झाले होते, कारण बाबांनी घरी वजन करायला मनाई केली होती. घरचा काटा म्हणे संशयी असतो.

"काटा तपासलाय का कोणी?" मी शेजारी येऊन बसलेल्या दुकानदाराला विचारलं.

"मी तपासलाय. दुकानातली वजनं आणून, एकेक ठेवून. तीस वर्षं काट्यावर पोट भरलंय, बाई. गुंजभर फरक नाही."

तो खरं बोलत होता. काट्यात काही खोट नव्हती. सगळ्या विधीकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आल्याआल्या प्रत्येकाला 'भार सैल करणाऱ्या' पाण्याची मोठी बाटली, ती संपवूनच पहिलं वजन. मग दारं बंद, चार हीटर चालू, अंगावर घोंगडी आणि तासभर दीर्घ श्वास. शेवटी मागच्या दाराने सगळे एकेक करून 'विसर्जनाला' जाऊन यायचे आणि मग दुसरं वजन. युक्ती मला तिथेच कळली. मी उठून बोलणार, इतक्यात बाबा गरजले, "आता आपली सगळ्यात हलकी लेक! पाच आठवड्यांत नऊ किलो, आणि तेही तिच्या घरच्या काट्यावर!"

पुढे आली ती माझी धाकटी बहीण.

मी जागच्या जागी थिजले. ती इथे येते हे मला ठाऊक नव्हतं. पण तो नऊ किलोंचा आकडा खरा होता, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचा फोटो रोज सकाळी गटावर येत होता, आणि रोज सकाळी मीच टाळ्या पाठवत होते. मला वाटत होतं, माझ्या सल्ल्याचं फळ!

"हिलाच घरी वजन करायची मुभा का?" बाबांनी स्वतःच विचारलं. "कारण हिने पूर्ण सोडलं. गोळ्यासुद्धा सोडल्या! गोळी म्हणजे डॉक्टरने तुमच्यात भरलेला भार!"

धाकटीला मधुमेह आहे. चार वर्षं ती गोळ्या घेत होती.

मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता, ओठ सुकले होते आणि हातात पाण्याची बाटली. मी फोन काढून तिची वही उघडली. पाणी: आठ पेले, मग चौदा, मग बावीस. रात्री लघवीला उठणं: एकदा, दोनदा, चारदा, सहादा. पोरीने सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वाचलं नव्हतं ते मी. मी नुसता आकडा बघून टाळ्या पिटत होते.

तिचा हात धरून मी तिला बाहेर काढलं.

"ताई, जळतेस का गं माझ्यावर?" ती म्हणाली. "तुझ्याकडे आठ महिन्यांत तीन किलो, त्यांच्याकडे पाच आठवड्यांत नऊ."

"जळते. चल आता."

दवाखान्यात साखर भरली पाचशे बारा. डॉक्टरांनी स्वतः गाडीत घालून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. "अजून चार दिवस गेले असते तर बेशुद्ध सापडली असती," ते म्हणाले. "अन्न अंगी लागत नव्हतं, सगळी साखर लघवीवाटे चालली होती. शरीर स्वतःचंच मांस खात होतं. तेच ते नऊ किलो."

पोलिसात तक्रार मी त्याच दिवशी केली. डॉक्टर म्हणाले, "कायद्याचं काम कायदा करेल, तुम्ही राग सोडा." मी सोडला नाही. सहा दिवस बहिणीच्या खाटेशेजारी बसून तो मुरवला.

पुढच्या रविवारी हॉल तसाच भरला होता. "आपली हलकी लेक दिसत नाही आज?" बाबांनी विचारलं.

"आणलीय," मी म्हणाले आणि तिची चाकाची खुर्ची ढकलत पुढे नेली. रुग्णालयातून आदल्याच दिवशी सोडलं होतं. हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"महाराज, तुम्ही भार उचलता ना? पाच रविवार, दरवेळी चाळीस माणसं, दीड-दीड किलो. तीनशे किलो झाले. चढा काट्यावर."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा म्हणाले, "घेतलेला भार मी शून्यात सोडतो."

"आज दहा मिनिटं सोडू नका."

"चढा की, महाराज," किराणा दुकानदार भाबडेपणाने म्हणाला. "काटा माझ्या जबाबदारीवर!"

नाइलाजाने बाबा चढले. चौऱ्याहत्तर किलो. मी त्यांच्याच पाण्याची बाटली पुढे केली. "आता हे संपवा."

"माझा आज उपास आहे."

"पाण्याचा कसला उपास?" शाळेतल्या बाई कडाडल्या.

बाबा प्यायले. त्यांचा एकेक घोट मी डोळे भरून पाहिला. सव्वा लिटर संपल्यावर त्यांना पुन्हा उभं केलं. पंच्याहत्तर किलो अडीचशे.

दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! भांड्याचं वजन वजा केल्याशिवाय मी कोणाला तेल देत नाही. आणि इथे... इथे भांडं आपणच होतो की! आधी भरून मोजलं, मग रिकामं करून मोजलं."

"आणि ही?" बाबांनी बोट धाकटीकडे केलं. "हिचे नऊ किलो तर घरच्या काट्यावर उतरले!"

धाकटी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिली. "उतरले. तुम्ही गोळ्या सोडायला लावल्यात म्हणून उतरले. मी मरत होते, महाराज, आणि तुम्ही लोकांना टाळ्या वाजवायला सांगत होतात."

बाबा चुळबुळत मागच्या दाराकडे सरकले. "विसर्जनाला जाऊन येतो."

मागच्या दाराला मी येतानाच कडी घातली होती. पुढच्या दारात दोन हवालदार उभे होते. दहा मिनिटं थांबायची विनंती मीच त्यांना केली होती. पोलीस ठाणं शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि रस्ता खड्ड्यांचा. सव्वा लिटरचा भार पोटात घेऊन बाबा गाडीत बसले तेव्हा मला फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

माझ्या वाचकांनो, पाण्याला वजन असतं, आणि आजारपणानेही माणूस हलका होतो. आकडा खरा असला म्हणून त्याचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर मोजण्याआधी काय झालं ते विचारा. आणि चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. हे मी तुम्हाला सांगते तसं स्वतःलाही सांगते, कारण सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

परवा सकाळी गटावर धाकटीचा फोटो आला. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, दोन किलो वाढलं गं."

मी आधी वही उघडली. पाणी: नऊ पेले. गोळ्या: दोन्ही वेळच्या घेतल्या. रात्री उठणं: एकदाही नाही.

मग टाळ्या पाठवल्या.