बाटलीतल्या पोरी

पाणी पिवळसर झालं होतं. चपट्या बाटलीतलं ते गुलाबी पाणी, म्हणजे पेशींचं अन्न आणि त्यातच मिसळलेलं औषध, गेले कित्येक आठवडे जसंच्या तसं गुलाबी होतं, कारण आत खाणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं; आणि आज ते पिवळसर... तिनं घाईघाईनं बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मेलेल्या पेशी कचऱ्यासारख्या तरंगत होत्या, पण खाली, तळाला घट्ट चिकटून, कर्करोगाच्या चिवट पेशींची वस्तीच्या वस्ती—

"जगलात गं बायांनो!" बिनखिडकीच्या त्या प्रयोगशाळेत ती एकटीच ओरडली.

डोस थेंबाथेंबानं वाढवत, मरतील त्यांना मरू देत, उरतील त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपत तिनं इथवर आणलं होतं. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी हातात आल्याशिवाय त्या दाद का देत नाहीत हे कळणार तरी कसं? आनंद पोटात मावेना, आणि बोटांनी सवयीनं वहिनीचा नंबर लावला. आई गेल्यापासून सगळं आधी वहिनीलाच... पहिली पाळी, पहिली नोकरी, मोडलेलं लग्नसुद्धा. "तुझ्या बाटलीतल्या पोरी काय म्हणतायत?" हे तर वहिनीचं रोजचंच.

"काय वन्सं, आज स्वारी खुशीत?"

"वहिनी, जगल्या!"

बोलून गेली आणि जीभ चावली. स्तनातून हाडांत उतरलेला वहिनीचा आजार इतके दिवस ज्या गोळीनं आवरून धरला होता, तेच औषध त्या पाण्यात होतं. आणि हे सगळं वहिनीला समजावून कुणी सांगितलं होतं? तिनंच. कौतुकानं, हातवारे करकरून. शहाणी मोठी!

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"माझंच औषध ना गं ते?"

"हो... पण बाटलीतलं वेगळं असतं वहिनी, माणसाचं—"

"कंबर परत ठणकायला लागलीय. तुझ्या दादाला बोलले नाहीये, उगाच त्याचा जीव टांगणीला." मग वहिनी चक्क हसली. "आता परत सुई घालून तपासायला हाडाचा तुकडा काढतील. त्यातला थोडा तू घे की. परक्याच्या हाती कशाला? तू काही माझ्या पोरींना उपाशी ठेवायची नाहीस."

"काहीतरीच काय! गप्प बस बघू."

तिला रडू फुटलं. रडू खरं होतं, अगदी पोटातून आलेलं. पण रडता रडताच मन पुढे पळालं होतं... हाडातल्या पेशी बाटलीत सहसा रुजत नाहीत, पण रुजल्याच तर? तर या पोरींच्या शेजारी ठेवून बघता येईल, दोघींनी औषधातून एकच वाट काढली की वेगवेगळी, आणि आजवर असं घरचं, सगळा इतिहास ठाऊक असलेलं कुणी मिळालंच नव्हतं... मेल्या मनाला लाज कशी वाटत नाही!

वहिनी अजून फोनवर होती. उत्तराची वाट बघत. तिनं वहिनीला गप्प बस म्हटलं होतं. नको, असं मात्र ती अजूनही म्हणाली नव्हती.