माझ्या अंगावरचे ओरखडे

मित्रांनो, काचेच्या कपाटात खालच्या फळीवर तो वाटीएवढा खरबरीत पोलादी तुकडा दिसतोय ना? तोच मी. माणसांना अवकाशातून परत आणणाऱ्या कुपीचा मी छोटा नमुना आहे.

मला मिस्त्रीकाकांनी घडवले. लेथवर आकार दिला, मग मऊ कापडाने इतके घासले, की पाहणाऱ्याला माझ्यात स्वतःचे नाक दिसावे. पाठीत दांडी बसवून मला वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे प्रचंड वेगाने वारा सोडतात त्या नळीत, उभे केले जाई. वारा असा अंगावर येई, की काही विचारू नका! खाली येताना कुपी किती कलेल, हे माझ्यावरून मोजत. कललेली कुपी हवेवर रेलत उतरते. कमी कलली, तर आतल्या माणसाच्या छातीवर भलताच भार येतो.

एकदा त्या कुपीतून जाणाऱ्या वैमानिकबाई मला बघायला आल्या. तळहातावर घेऊन म्हणाल्या, "नीट सांग हं बाबा, तुझ्यावरच भिस्त आहे माझी." मी नुसता फुशारून गेलो.

आधी खरी कुपी रिकामीच अवकाशात पाठवली. ती मी सांगितल्यापेक्षा कमी कलली आणि समुद्रात भलतीकडेच पडली. आकडे जुळवणाऱ्या ताईंनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले. माझी रेघ एकीकडे, तिची दुसरीकडे. पुढच्या खेपेला त्याच आकड्यांवर वैमानिकबाई बसणार होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

जळकी कुपी शेडमध्ये आली, तेव्हा ताई मला तिच्याजवळ घेऊन गेल्या. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, मग माझ्यावरून. ती उष्णतेने जागोजागी खडबडीत झाली होती. मी मात्र गुळगुळीत.

"काका, हिच्या अंगावर वारा अडखळतो. याच्यावरून नुसता सटकतो," ताई म्हणाल्या. "याला हिच्यासारखं खरवडा."

"अहो ताई, पोटच्या पोरासारखं घासलंय मी याला! माझ्या हातून नाही व्हायचं."

"मीही याच्या चकाकीचं कौतुकच केलं होतं, काका. पण आता आत माणूस बसणार आहे."

काकांनी चष्मा पुसला आणि कानस उचलली. मित्रांनो, त्या दिवशी मला दुखले नाही. उलट थोडे हलके वाटले.

बोगद्यात पुन्हा उभा राहिलो, तेव्हा माझी रेघ तिच्या रेघेला जाऊन मिळाली. मग ताईंनी खऱ्या कुपीतले वजन थोडे सरकवून घेतले, म्हणजे ती हवी तेवढी कलेल.

वैमानिकबाई अवकाशातून सुखरूप परत आल्या. चालताना अजून जरा डुलत होत्या, पण थेट माझ्याकडे आल्या आणि मला मुठीत धरून हसल्या, "अरे, बोट सोललंस की माझं!" ताईंनी तोंड फिरवून डोळे टिपले. मला मात्र मान वर करवेना. ती पहिली कुपी रिकामी नसती तर?

तेव्हा मित्रांनो, कपाट आवराल तेव्हा माझ्यावरची धूळ खुशाल झटका. पण मला घासून चकचकीत करू नका. मी चकाकत होतो, तेव्हाच मी त्यांना चुकीचे सांगितले होते.