रापणीचा वाटा

इस्मे टांटीने, गावाच्या इस्मे मावशीने, तिसऱ्यांदा शंख फुंकला, तरी गावातून आले फक्त चौघे. टोबॅगोच्या त्या किनाऱ्यावर पूर्वी शंख वाजला की माणसं हातातलं काम टाकून धावायची. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढायला पंधरा-वीस जण लागतात. जाळं मासळीने गच्च भरलेलं आणि दोर धरायला माणूस नाही, म्हणजे अख्खी सकाळ पाण्यात जाणार होती.

याला कारण तिचाच सख्खा भाचा, अन्सेल्म. हॉटेलात पाहुण्यांना किनारा दाखवायची नोकरी लागल्यापासून हा दिवटा रोज त्यांच्या करमणुकीसाठी शंख फुंकायचा. गावकरी दोन-चारदा फुकट धावले, मग त्या आवाजाला कुणी विचारेनासं झालं. त्याचं नाव निघालं तरी टांटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आता तोच आला, मागे बारा-तेरा गोरे पाहुणे घेऊन.

"टांटी, माणसं आणलीत. ओढतील."

"तमाशा दाखवायला आणलीस."

"मग सोड मासळी समुद्रात. तुझी मर्जी."

टांटीने दोराकडे नुसतं बोट दाखवलं. करते काय?

पाहुण्यांनी निम्मा वेळ फोटो काढण्यात घालवला. अन्सेल्म मात्र कंबरभर पाण्यात टाचा रोवून उभा राहिला. तळहात सोलवटले, तरी जाळं पुळणीवर येईपर्यंत त्याने दोर सोडला नाही.

दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वैरी का असेना, हा रापणीचा जुना रिवाज. टांटीच्या नवऱ्याने तर आपली होडी जाळणाऱ्यालाही वाटा दिला होता. टांटीने चौघांना दिला, जाळं टाकून आलेल्या होडीवाल्यांना दिला, पाहुण्यांच्या हातातही चार-चार मासे कोंबले. ते खिदळत होते. शेवटी अन्सेल्मने हात पुढे केले.

"तुला पगार मिळतो ना? त्यांच्याकडे माग."

"टांटी, मी ओढलंय."

"माकडचेष्टा केल्यास. नीघ इथून."

अन्सेल्म वळला. पाहुण्यांना घेऊन चालू लागला. टांटीच्या जिवाला अगदी गार वाटलं.

मग चौघांतल्या म्हाताऱ्या ओस्मंडने आपले मासे परत ढिगावर ठेवले. चाळीस वर्षं तो ही रापण ओढत होता. त्याचं बघून उरलेल्या तिघांनीही ठेवले.

"त्या भामट्याची बाजू घेतोस?" टांटीने विचारलं.

"त्याचं थोबाड फोड, मी धरून ठेवतो त्याला. पण तू ओढणाऱ्याचा वाटा मारलास, इस्मे." ओस्मंडने हात विजारीला पुसले. "उद्यापासून शंख फुंकून दम घालवू नकोस. आम्ही यायचे नाही."

चौघे गावाच्या वाटेला लागले. अन्सेल्म अजून हॉटेलच्या फाटकाशीच होता. एक हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. टांटीने ती मारली नाही.