वेणूबाईंचा पासवर्ड

कामोठ्याच्या विहारात तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे लग्नकार्याची भांडी आणि सतरंज्या रचलेल्या असायच्या. वेणूबाई समितीच्या मागे लागल्या, खोली रिकामी करून घेतली आणि तिची अभ्यासिका केली. वेणूबाई मूळच्या जालन्याकडच्या. सारा जन्म गावच्या अंगणवाडीत गेला. मुलगा संघर्ष विमानतळावरच्या नोकरीसाठी इकडे आला, त्याच्यामागून त्याही आल्या, पण लेकरांत बसायची सवय काही सुटली नाही. आता कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेले कॉम्प्युटर त्यांनी अभ्यासिकेसाठी मिळवले होते आणि रविवारी सकाळी ते मुलांच्या हाती देणार, असं साऱ्या सेक्टरभर सांगून ठेवलं होतं.

त्या कॉम्प्युटरांत काय घालायचं, ते मात्र त्यांच्या सुनेच्या हाती होतं.

हे जरा सावकाश समजून घ्यायला हवं. कोरा कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं. बटण दाबलं की जागं व्हायचं, पडद्यावर अक्षर काढायचं, फाइल जपून ठेवायची, हे सगळं त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. लिनक्स ही तशी शिकवणी, आणि ती कुणा एकाच्या मालकीची नाही. देशोदेशीची माणसं तिचे तुकडे लिहितात. मग काही मंडळी त्यांतले चांगले तुकडे निवडून, एकमेकांशी जुळवून त्यांचं गाठोडं बांधतात. हे गाठोडं पेन ड्राइव्हवर उतरवलं की कोणतंही कोरं खोकं त्यातून उभं राहतं. या गाठोड्याला इमेज म्हणतात. 'पेबल' नावाच्या अशाच एका मंडळीत त्यांची सून राजश्री गेली काही वर्षं काम करत होती. दिवसा बेलापूरच्या कंपनीत नोकरी, उरलेल्या वेळात हे. पेबलची नवी इमेज या शनिवारी जगासाठी खुली व्हायची होती आणि समन्वयकाचं, म्हणजे सगळ्यांना एका दोरीत ओवायचं काम या खेपेला पहिल्यांदाच राजश्रीकडे आलं होतं.

इमेज बांधणारा ब्राझीलमधला तियागो. तपासणारे शेकड्याने. प्रत्येकाने आपल्या घरच्या यंत्रावर ती चढवून बघायची आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या तक्त्यात आपला चौकोन हिरवा करायचा. छपाईचं कुणी बघे, आवाजाचं कुणी, तर कुणी आंधळ्या माणसाला पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीचं. शनिवारी सकाळी तक्ता शेतासारखा हिरवागार झाला होता. दुपारी सगळे चॅटवर, गप्पांच्या खिडकीत जमणार, एकेक जण आपल्यापुरतं 'सोडा' म्हणणार, शेवटचं 'सोडा' राजश्रीने म्हणायचं आणि इमेज जगभर जाणार.

पण नियम असा होता, की वापरणारा माणूस अडून बसेल अशी चूक एखाद्याला दिसली आणि दुसऱ्या कुणी आपल्या यंत्रावर तीच चूक पाहिली, की समन्वयकाने 'थांबा' म्हणायचं. थांबलं की इमेज नव्याने बांधायची. आणि नव्या इमेजला जुनी तपासणी चालत नाही. सगळा तक्ता पुसून पुन्हा कोरा.

सकाळी राजश्री तीच शेवटची इमेज पेन ड्राइव्हवर घेऊन अभ्यासिकेत आली.

"दे इकडं," वेणूबाई म्हणाल्या. "उद्या लेकरांना मी शिकवणार ना? मग माझ्या हातानं होऊ दे एकदा."

कीबोर्डच्या बटणांवर त्यांनी पनवेलहून आणलेली मराठी अक्षरांची चिकटपट्टी आधीच लावून ठेवली होती. पडद्याने भाषा विचारली. वेणूबाईंनी मराठी निवडली. नाव विचारलं, ते एका बोटाने टाइप केलं. मग पासवर्ड विचारला.

"हा कुणाला सांगायचा नाही हं आई," राजश्रीने शिकवल्यासारखं सांगितलं. "तुमचा तुम्हालाच ठाऊक पाहिजे."

"संघर्षला पण नाही?"

"नाही."

"तुला?"

"मलाही नाही."

"बेस झालं," म्हणत वेणूबाईंनी कीबोर्डवर पदर धरला आणि पदराआड काहीतरी टाइप केलं.

गाठोडं सुटलं, फाइली उतरल्या, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडद्यावर वेणूबाईंचं नाव आलं आणि खाली पासवर्डची चौकट. पुन्हा पदर आला. पुन्हा टकटक झाली.

'पासवर्ड चुकीचा आहे.'

"परत बघा," राजश्री म्हणाली.

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"विसरलात का आई?"

वेणूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "अंगणवाडीतल्या एकेका लेकराचं नाव, त्याच्या बापाचं नाव अजून सांगीन तुला. आत्ता घातलेला शब्द विसरते काय मी?"

"तसं नाही, बोट चुकलं असेल. मला सांगा, मी टाकते."

"सांगायचा नसतो म्हणाली ना तूच? आता कामून सांगू?"

दारात चहा घेऊन आलेला संघर्ष हसायला लागला. "राजश्री, अडकली ना? लै टाइट सिक्युरिटी आहे इकडे. आमच्या एअरपोर्टला पण नाय एवढी."

राजश्री हसली नाही. दुपारची बैठक तिच्या डोक्यात घोळत होती. ती चहा न घेताच चौकटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, शब्द नका सांगू. एवढंच सांगा, तो मराठीत टाइप केला होता?"

"मग कशात करणार? पडद्यानं मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं."

राजश्री खालीच बसली.

तिने स्वतः ही इमेज मराठीत कितीतरी वेळा चढवून पाहिली होती. दर वेळी पासवर्डची चौकट आली, की तिचं बोट आपसूक पडद्याच्या कोपऱ्यातल्या, भाषा बदलायच्या बटणाकडे जाई आणि कीबोर्ड इंग्रजी होई. पासवर्ड इंग्रजीतच असतो, ही गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. ती अंगवळणीच पडलेली. तिच्यासारख्याच सगळ्यांच्या. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, की गाठोडं सोडताना मराठी अक्षरं नीट घेतली जातात, पण यंत्र पुन्हा जागं होतं तेव्हा दारावर फक्त इंग्रजी कीबोर्ड उभा असतो आणि कोपऱ्यातलं ते बटणही नसतं. वेणूबाई बरोबर तीच बटणं दाबत होत्या. पलीकडे भलतीच अक्षरं पोचत होती. स्वतःच्याच घराबाहेर त्या अडकल्या होत्या.

"मग उद्या लेकरांना सांगू, शब्द इंग्रजीत घाला म्हणून," संघर्ष म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"पहिलीतलं लेकरू येणार उद्या," वेणूबाई म्हणाल्या. "त्याला आत्ता कुठं क, ख यायला लागलं. त्याला म्हणू, बाबा, तुझं नाव मराठीत लिही, पण आत यायचं असेल तर दुसऱ्याची अक्षरं शिकून ये?" त्या चिडल्या नव्हत्या. नुसतं विचारत होत्या. "तुमच्या लोकांना सांग की."

"आई, आमचे लोक म्हणजे... सगळं तयार आहे. आता थांबवलं तर सगळ्यांनी केलेलं वाया जाईल."

"मग नको सांगू," वेणूबाई म्हणाल्या आणि चिकटपट्टीचं सुटलेलं एक टोक नखाने दाबत बसल्या.

दुपारी राजश्री अभ्यासिकेतच लॅपटॉप उघडून बसली. खिडकीत नावं जमली. कुणाकडे पहाट होती, कुणाकडे संध्याकाळ. छपाईवाल्याने लिहिलं, 'सोडा.' आवाजवालीने लिहिलं, 'सोडा.' एकामागून एक येत गेले. शेवटी तियागोने लिहिलं, 'माझ्याकडून सोडा. राजश्री, तुझ्या शब्दाची वाट बघतोय.'

वरून उलव्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं आणि अभ्यासिकेची काच थरथरली. राजश्रीची बोटं बटणांवर होती. आपण कोण, कामोठ्यात सतरंजीवर बसलेली बाई, हा विचार तिच्या मनात आला. एक शब्द लिहिला की सगळे खूश. दुसरा लिहिला तर शेकडो लोकांची मेहनत पुसली जाणार, आणि तीही तिच्या पहिल्याच खेपेला, तिच्याच सासूसाठी.

तिने सकाळी घडलेलं सगळं लिहून टाकलं. आपणही ती चूक पाहू शकलो नाही, हेसुद्धा लिहिलं.

तियागोचं उत्तर लगेच आलं. 'पासवर्ड सगळे इंग्रजीतच ठेवतात ना? सूचनांत एक ओळ घालू. यासाठी थांबायचं का?'

राजश्रीने वेणूबाईंचंच बोलणं पुढे केलं. पहिलीतलं लेकरू, त्याची क, ख, आणि आत येण्यासाठी दुसऱ्याची अक्षरं. मग लिहिलं, 'दुसऱ्या कुणी पाहिलं तरच थांबू. नियम तोच आहे. कुणी बघेल का?'

जो तो आपापल्या यंत्रावर इमेज चढवायला बसला. मग नेपाळमधल्या पोखऱ्याच्या बिष्णूने लिहिलं, 'मी नेपाळीत करून पाहिलं. मीही बाहेरच अडकलो. आणि लाज वाटते, मीसुद्धा आजवर इंग्रजीतच टाकत आलो.'

त्यामागून जॉर्जियातून कुणी लिहिलं, 'आमच्या लिपीतही तेच.' मग ग्रीसमधून. मग इथिओपियातून एका मास्तरांनी लिहिलं, 'आमच्या शाळेतली मुलं मागच्या वेळी अशीच अडकली होती. मला वाटलं, पासवर्ड तीच विसरली. मी त्यांना रागावलो होतो.'

राजश्रीने ती ओळ मराठीत मोठ्याने वाचली. वेणूबाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कुठले गं हे मास्तर?"

"आफ्रिकेतले."

"त्यांची पण लेकरं बाहेरच होती?"

"हो."

राजश्रीने एकच शब्द लिहिला, 'थांबा', आणि तक्ता पुसला. एवढं हिरवं शेत क्षणात पांढरं झालं. तिच्याने त्याच्याकडे बघवेना.

तियागोने लिहिलं, 'बरोबर केलंस. मी बसतो.'

दुरुस्ती एका ओळीची निघाली. दारावर कुठला कीबोर्ड उभा करायचा, हे गाठोडं सोडताना निवडलेल्या भाषेवरून ठरव, एवढंच यंत्राला सांगायचं राहून गेलं होतं. तियागोने ओळ लिहिली, आणखी दोघांनी वाचून मान्य केली आणि नवी इमेज बांधायला घेतली. ती फक्त तियागोच्याच यंत्रावर बांधत नाहीत. नॉर्वेतली एक बाई आपल्या घरी बांधते, कोरियातला एक जण आपल्या घरी. तिघं एकमेकांना कधी भेटलेलीही नाहीत. बांधून झाली, की यंत्र त्या सबंध इमेजचा एक ठसा काढतं, अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब ओळ. इमेजमध्ये कोट्यवधी अक्षरं असतात. त्यांतला एखादा पूर्णविराम जरी हलला, तरी सगळा ठसा बदलतो. म्हणून तिघांचे ठसे जुळले, तरच इमेज खरी.

"जुळवून बघायला मी येऊ?" वेणूबाईंनी विचारलं.

"यंत्र बघतं आई ते."

"बघू दे त्याला. मी पण बघते."

पडद्यावर तीन ओळी एकाखाली एक आल्या. वेणूबाईंनी चष्मा नीट केला, पडद्यावर बोट ठेवलं आणि अंगणवाडीत लेकरांची हजेरी घ्यावी तशी एकेक खूण त्या वरून खाली बघत गेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना नीटशी येत नव्हती, पण सारखी आहेत की नाहीत हे कळायला तेवढं यावं लागत नाही. एक ब्राझीलची, एक नॉर्वेची, एक कोरियाची. शेवटपर्यंत कुठेही फरक नव्हता.

"राजश्री," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तीन घरी तीन तवे, तीन हात. आणि भाकरीला एकच डाग, एकाच जागी. हे होतं कसं गं?"

राजश्रीला कसं होतं ते माहीत होतं. ती ते सांगूही शकली असती. पण त्या क्षणी तिलाही ते पहिल्यांदाच दिसल्यासारखं झालं आणि तीही त्या तीन ओळींवर वाकली.

मग पांढऱ्या तक्त्यात एक चौकोन हिरवा झाला. पोखरा. मग एक जॉर्जियातला. छपाईवाला परतला, आवाजवाली परतली. ज्यांचं सगळं काम दुपारी पुसलं गेलं होतं, ते आपापल्या घरी पुन्हा पेन ड्राइव्ह लावून बसले होते. कुणी कुरकुर केली नव्हती असं नाही. एकाने 'माझा शनिवार गेला' असं लिहिलंच. पण खाली त्याचाही चौकोन हिरवा होता. दिवेलागणीपर्यंत शेत पुन्हा वर आलं.

"ह्या सगळ्यांना पगार देतं कोण?" वेणूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

"आणि ते मास्तर परतले का?"

राजश्रीने बोट दाखवलं. इथिओपियाचा चौकोन हिरवा होता. बाजूला शेरा होता, 'मुलांनी स्वतः तपासलं.'

बाकी सगळ्यांचे 'सोडा' पुन्हा येऊन पडले होते. मराठीचा चौकोन तेवढा राहिला होता. नियमाने तो राजश्रीने भरायचा. तिने पेन ड्राइव्ह लावला आणि खुर्ची वेणूबाईंकडे सरकवली. सकाळचंच सगळं पुन्हा झालं, भाषा, नाव, पदराआडची टकटक. यंत्र बंद होऊन जागं झालं. नाव आलं. चौकट आली.

वेणूबाईंचा हात पदराकडे गेला. पण त्याआधीच राजश्रीने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. दारात उभ्या असलेल्या संघर्षनेही हसत हसत पाठ केली.

एका बोटाची टकटक ऐकू आली. मग ती थांबली.

"आई?" भिंतीकडे बघतच राजश्रीने विचारलं.

"थांब गं. जरा बघू दे मला."

राजश्री वळली, तेव्हा पासवर्डची चौकट गेली होती आणि वेणूबाई उजळलेल्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तिने वाकून शेवटचा चौकोन हिरवा केला आणि खिडकीत लिहिलं, 'सोडा.'