नभसारथीचा शेवट आणि जसोंडीचा दराबा

सुज्ञ व रसिक वाचकवर्गास प्रथम विनयपूर्वक वंदन करून असे निवेदन करण्यात येते की, पुढे एका सोयरिकीची कथा कथन केली जाणार आहे. ती सोयरीक परदेशातील एका लोखंडी महाकायामुळे मोडण्याच्या काठावर कशी येऊन ठेपली आणि तेथून कशी परत फिरली, याचा वृत्तान्त यथामती सांगण्याचा येथे संकल्प आहे. कथेत युद्ध आहे, परंतु ते पडद्यावरचे. अश्रू आहेत, परंतु ते वाळणारे. तेव्हा हळव्या वाचकांनी भय बाळगू नये.

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात दत्तात्रय महाजन यांचे शिवणसामानाचे दुकान आहे. अस्तर, फॉल, बटणे, दोऱ्याची रिळे अशा मऊ वस्तूंत ज्याचा जन्म गेला, त्याचा स्वभावही अस्तरासारखाच व्हावा यात नवल नाही. दत्तात्रयांना मोठ्याने बोलता येत नसे. त्यांची कन्या हिमानी मात्र बापावर गेली नव्हती. ती शाळेत विज्ञान शिकवी आणि आपले मत कोणापुढे झाकून ठेवीत नसे.

त्या रविवारी तिला पाहण्यासाठी जवळच्या जसोंडी गावाहून पाहुणे आले होते. मुलगा मोहित, त्याचे वडील कौतिकभाऊ आणि कौतिकभाऊंची थोरली बहीण भागाबाई. केळीची बागाईत, घर स्वच्छ, मुलगा शिकून शेतीत रमलेला. दत्तात्रयांच्या मनात हे स्थळ पाहताक्षणीच भरले होते. रीतीप्रमाणे प्रश्नोत्तरे झाली आणि मुलामुलीला चार शब्द बोलू द्यावेत म्हणून दोघांना गच्चीवर धाडण्यात आले.

प्रारंभी वरून हसण्याचा आवाज आला. दत्तात्रयांनी पत्नीकडे, म्हणजे कुसुमबाईंकडे पाहिले. कुसुमबाईंनी डोळ्यांनीच देवाचे आभार मानले. परंतु थोड्याच वेळात ते हसणे विरले आणि जिन्यावरून शब्द गडगडत खाली येऊ लागले.

"तुम्हाला ती सिरीज समजलीच नाही!" हा हिमानीचा स्वर.

"समजली, म्हणूनच राग येतो ना! इतकी भारी स्टोरी, आणि शेवटी सगळा सत्यानाश!"

"सत्यानाश? तोच तर बेस्ट भाग आहे! तुम्हाला फक्त रोबोटची हाणामारी पाहिजे!"

"आणि तुम्हाला फक्त रडायला पाहिजे!"

दोघे खाली उतरले तेव्हा दोघांचेही कान लाल झालेले होते. कौतिकभाऊंनी टोपी सारखी केली, भागाबाईंनी पदर सावरला आणि "कळवतो" एवढा एकच शब्द उंबऱ्यावर ठेवून मंडळी निघून गेली. मुलीच्या बापाला या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही.

"काय बोललीस तू त्याला?" कुसुमबाईंनी दार लोटताच विचारले.

"काही नाही मम्मी. 'नभसारथी'च्या शेवटावरून बोलत होतो."

"हे कोण नभसारथी?"

"कार्टून आहे. मतलब, कार्टून नाही, ॲनिमे. जपानी."

"अगं, कार्टूनवरून कोणी स्थळ घालवतं का?" असे म्हणून कुसुमबाईंनी कपाळावर हात मारला व इच्छापूरच्या देवीला तेथल्या तेथे खण-नारळ बोलून टाकला.

दिवस जाऊ लागले. जसोंडीहून काही निरोप येईना. हिमानी म्हणे, "मला काही फरक नाही पडत." परंतु ताटातली भाकरी ती कुस्करून ठेवी आणि भ्रमणध्वनी वाजला की सर्वांआधी मान वर करी. दत्तात्रयांचे काळीज त्या मान वर होण्याने कातरले जाई. जे स्थळ मुलीला नको असते, त्याच्या निरोपाची वाट ती अशी पाहत नाही, हे त्यांना उमगले होते. मग आपल्या लेकीचे सुख ज्या वस्तूवर अडखळून पडले, ती वस्तू तरी काय आहे ते पाहावे, असा निश्चय त्यांनी केला.

"हिमा, मला लावून दे ते."

"पप्पा, तुम्ही? तुम्हाला बोर होईल."

"होऊ दे."

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक ओसरले की दत्तात्रय गल्ल्यामागे बसून हिंदीत भाषांतरित झालेला 'नभसारथी' पाहू लागले. पुढच्या शतकातील ती गोष्ट. समुद्राने जमीन गिळायला घेतली आहे आणि पाण्यातून उठणाऱ्या अक्राळविक्राळ जीवांशी लढण्यास माणसांनी डोंगराएवढे लोखंडी महाकाय उभारले आहेत. परंतु एकट्याने ते हलत नाहीत. एकाने हात चालवायचे, दुसऱ्याने पाय, आणि दोघांचे मन जुळले तरच तो महाकाय पाऊल उचलतो. काइतो नावाचा मुलगा हात चालवी, मिओरी नावाची मुलगी पाय. आरंभी दोघांचे पटत नसल्याने महाकाय स्वतःच्याच पायात अडकून पडे, ते पाहून दत्तात्रयांना आपल्या लग्नानंतरचे पहिले वर्ष आठवले.

या मालिकेचे वेड गावातही पसरलेले होते, हे त्यांना आता कळले. फॉल घ्यायला आलेल्या शीतलला त्यांनी सहज विचारले, तर तिचे डोळेच भरून आले. "काका, शेवट बघाल तेव्हा रुमाल ठेवा जवळ. याहून मोठं प्रेम नाही दाखवलं कोणी." इतक्यात दुकानात मदतीला असलेला त्यांचा पुतण्या नीलेश शेजारून उसळला, "काय फालतू! अर्धी सिरीज फाइटिंग, झकास. मग घुसवलं लव्ह-शव्ह. रोबोट बिचारा उभाच!"

"तुला काय समजतं लव्हमधलं?"

"तुला काय समजतं रोबोटमधलं?"

दोघे असे जुंपले की शीतल फॉल विसरून निघून गेली. म्हणजे भांडणे आपल्याच घरी झाली नाहीत, या विचाराने दत्तात्रयांना किंचित आधार वाटला.

आणि मग शेवट आला. समुद्राच्या बांधाला खिंडार पडते. तेथे महाकायाला कायमचे उभे करावे लागते आणि पाय रोवून धरण्यास एकाला आतच राहावे लागते. मिओरी काइतोला बाहेर ढकलते आणि म्हणते, जा, माझ्या वाट्याचे आयुष्यही तूच जग. तो जातो. पुढे जन्मभर तो किनाऱ्यावर रोज सांजवेळी दिवा लावतो. दत्तात्रयांनी चष्मा काढून पुसला. परंतु त्यांच्या मनात जे आले ते ना शीतलचे होते, ना नीलेशचे. त्या पोरीच्या आईबापाला कोणी विचारले का, एवढाच प्रश्न त्यांना पडला.

मुलीच्या बापाने उत्तर मागायला आपण होऊन जाऊ नये, असा संकेत आहे. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रयांनी दुकानाला कुलूप लावले आणि स्कूटर जसोंडीच्या रस्त्याला घातली. दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या. नाही म्हणाले तर नाही. पण पोरीची मान फोनपाशी अशी टांगलेली राहू नये, एवढेच मागणे मनात घोळवीत ते पोहोचले.

ओसरीवरून आत पाहतात तो काय! कौतिकभाऊ टोपी गुडघ्यावर ठेवून दूरदर्शन संचासमोर बसलेले, शेजारी भागाबाई वाती वळता वळता थबकलेल्या, आणि पडद्यावर तोच महाकाय गुडघाभर समुद्रात उभा!

"अरे, दत्तुभाऊ!" कौतिकभाऊ असे दचकले की जणू चोरी सापडली. "या, या. बसा. आम्ही ते... हे करून राहिलो होतो..."

"पाहून राहिलो होतो म्हण ना," भागाबाई म्हणाल्या. "लाज कशाची? भाऊ, खरं सांगते. तुमच्या पोरीनं आमच्या पोराशी या लोखंड्यावरून भांडण केलं. मी म्हटलं, ज्याच्यावरून भांडली ते पाहिल्याबगर हो नाही म्हणायचं अन् नाही बी नाही म्हणायचं. पण इथं रेंजच राहत नाही! जरासं चालतं अन् गोल गोल फिरत बसतं. आता कुठं संपलं, भाऊ. आत्ताच."

दत्तात्रय खाली बसले. ज्या मौनाने त्यांच्या घरातला घास कडू केला, ते मौन गोल गोल फिरणारे होते तर!

भागाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, पाठोपाठ चहा आणि एका वाटीत दराबा. रवा, साखर आणि तूप घोटून घोटून लोण्यासारखा केलेला. येथे वाचकांस सांगणे प्राप्त आहे की, या मंडळींच्या भावकीत बोलणी पक्की होईपर्यंत मुलीकडचा माणूस मुलाच्या घरी पाणी घेतो, चहा घेतो, पण गोडाला हात लावीत नाही. गोड खाल्ले म्हणजे मुलगी दिली. भागाबाईंनी वाटी ठेवली ती केवळ घरी केलेला पदार्थ पाहुण्यापुढे न ठेवणे बरे दिसत नाही म्हणून. दत्तात्रयांनीही रीतीप्रमाणे वाटी बोटाने दूर सारली.

"मग, कसा वाटला शेवट?" त्यांनी भीत भीत विचारले.

"बिल्कुल चुकीचा!" कौतिकभाऊ म्हणाले. "अहो, एवढं लोखंड खाऱ्या पाण्यात उभं करता? गंजून जाईल ना! माझा मोटरपंप विहिरीत राहिला तर काय गत होते, विचारा."

"तुझ्या पंपाला घाल चुलीत," भागाबाई म्हणाल्या. "पोरीनं समुद्राला बांध घातला, ते पाहा. अन् तो रोज दिवा लावतो. माझ्या नवऱ्यानं एक दिवस तरी लावला का?"

"दिवा लावून काय होतं, जिजी? मोहित काय म्हणतो? राहायचं तर दोघांनी राहायचं, निघायचं तर दोघांनी. तिला एकटीला सोडून हा बाहेर आलाच कसा? त्या दिवशी हेच सांगून राहिला होता तो तुमच्या पोरीला."

"पण तिनं सांगितलं ना, जा म्हणून!" दत्तात्रयांचा आवाज चढला. तो चढल्याचे त्यांना स्वतःलाही नवल वाटले. "आमची हिमानी तेच म्हणते. तिचा शब्द त्यानं मानला. बायकोचा शब्द मानणारे किती असतात?"

"मानायचा, पण मरताना?"

"अन् मी म्हणतो, तुम्ही दोघंही चुकता!" दत्तात्रय आता गुडघ्यांवर उभे राहिले होते. "तिच्या आईबापाला कोणी विचारलं? बाहेर उभे असतील ना ते! चोवीस भाग झाले, एकदा तरी दाखवले का? पोर तशीच वाढली का, आभाळातून पडली?"

"हे मात्र खरं बोलले," भागाबाई म्हणाल्या. "बापाला विचारायलाच पाहिजे होतं."

"मग! बाप म्हटला असता, मी धरतो पाय, तू जा..." असे म्हणता म्हणता, संतापाच्या भरात, दत्तात्रयांचा हात आपोआप पुढे गेला, वाटीत बुडाला आणि दराब्याचा भला थोरला घास तोंडात गेला.

भागाबाईंनी आधी वाटीकडे, मग दत्तात्रयांच्या गालाकडे पाहिले.

"कौतिक! सोयऱ्यानं गोड खाल्लं रे!"

दत्तात्रयांच्या अंगावर काटा आला. घास गिळवेना, टाकवेना. आईबापाला विचारले नाही म्हणून आत्ता ओरडणारा आपण, आणि मुलीला न विचारता तिला देऊन बसलो! त्यांनी तो घास कसाबसा गिळला आणि हात जोडले.

"भाऊ, जिजी, क्षमा करा. हा घास माझ्या जिभेनं खाल्ला, माझ्या लेकीनं नाही. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"मग विचारा ना," कौतिकभाऊ टोपी डोक्यावर चढवीत म्हणाले. "रेंज मागच्या अंगणात सापडते."

मागच्या अंगणात मोहित नुकताच बागेतून येऊन हातपाय धूत होता. दत्तात्रयांनी हिमानीला फोन लावला आणि घडले ते सर्व सांगितले, दराब्यासकट. ती म्हणाली, "तो आहे का तिथे? त्याला द्या."

मोहितने ओला हात शर्टाला पुसून फोन घेतला. दत्तात्रय दोन पावले मागे सरले, पण ऐकू येत होते.

"इतके दिवस एक मेसेज नाही?" हिमानीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नंबर कुठे होता तुमचा? भांडता भांडता मागायचा राहून गेला. आत्यांकडे मागितला असता तर गावभर झालं असतं."

"आणि अजूनही शेवट चुकीचाच वाटतो?"

"हाव. शंभर टक्के. मी नसतो गेलो बाहेर."

"तिनं ढकललं असतं तरी?"

"पुन्हा आत घुसलो असतो. तुम्ही किती वेळा ढकलणार?"

पलीकडे हसू फुटले. मग पुन्हा वाद, पुन्हा हसू. दाराआडून भागाबाई कौतिकभाऊंना कोपराने ढोसत होत्या. अखेरीस मोहितने लाजत फोन परत दिला.

"पप्पा," हिमानी म्हणाली, "तुम्ही सगळा दराबा संपवला का?"

"नाही गं. एकच घास."

"मग थोडा डब्यात घेऊन या. मलाही पाहिजे."

दत्तात्रयांनी डोळे मिटले. छातीवर बसलेला तो डोंगराएवढा महाकाय जणू एकदम उठून चालता झाला. त्यांना कोणी भिंतीला टेकवले, कोणी पाणी दिले, हे पुढे त्यांना आठवले नाही. आठवले ते एवढेच की भागाबाई डबा घासूनपुसून भरीत होत्या आणि कौतिकभाऊ त्यांच्या कानाशी लागून म्हणत होते, "व्याही, पण गंजाचं काय? ते तरी मान्य करा."

"ते मान्य," दत्तात्रय म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसले.

येथे ही कथा समाप्त होत आहे. भाषेत काही न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे. वेळात वेळ काढून शेवटपर्यंत सोबत केलीत, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
चुडामण यादव चौधरी
बुऱ्हाणपूर