मेलेल्या गाईचं दूध

दादाच्या गोठ्यापुढे सकाळपासून रांग लागली होती. कोणी पेल्यात पाणी आणलं होतं, कोणी आजारी कोंबडी काखोटीला मारून आलं होतं. आत तांबडी गाय निवांत रवंथ करत उभी होती. साथीच्या रोगात मेलेली गाय! सरकारी कागदावर मेलेली, नुकसानीचं अनुदान दादाच्या खात्यात जमा झालेली, आणि आता शेपटीनं माश्या वारणारी.

"मी काही केलं नाही," खुर्चीत बसलेले फुंकरबाबा डोळे मिटून सांगत होते. "नुसती फुंकर घातली. वरच्यांना म्हटलं, गरिबाची गाय आहे, सोडा तिला. सोडली!"

"वरच्यांशी तुमची बरीच घसट दिसते," मी म्हटलं.

वहिनीनं मला कोपर मारलं. बाबांनी एक डोळा उघडला. "बाई, शंका घेणाऱ्याला फुंकर लागत नाही."

सोयच होती. गुण आला तर फुंकरीचा, नाही आला तर तुम्ही शंकेखोर.

मी दादाची धाकटी बहीण. दूध संकलन केंद्रावर दूध तपासते. दादाकडे दुभती गाय ही एकच. ती मेली म्हणून त्याच्या घरात रडारड झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची किटली नेहमीसारखी काठोकाठ! विचारलं तर म्हणाला, "सासऱ्यांनी गाय पाठवलीय." मी मान डोलावली. सख्ख्या भावाची किटली कोण खरवडून बघतं?

मग परवा तांबडी मागच्या खोलीतून दावं तोडून भर बाजारात आली. "अरे, ही तर मेली होती!" कोणीतरी ओरडलं. वहिनी मागोमाग धावत आलेली, चारचौघांत तिची बोबडी वळली. समोरच फुंकरबाबा औषधाच्या बाटल्या मांडून बसले होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी फुंकर घातली म्हणून उठली." सगळ्यांत आधी दचकले ते बाबाच. पण लगेच त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. कसलेला माणूस! तेव्हापासून त्यांची खुर्ची दादाच्या गोठ्यात होती.

रांगेतून वेल्डरची बायको पुढे आली. पत्रा लागून नवऱ्याचा पाय कापला होता, जखम चिघळली होती. बाबा म्हणाले, "जिथं गाय उठली तिथली माती जखमेत भरा. दवाखान्याची पायरी चढू नका, गुण जाईल."

तिनं वाकून शेणामुताची ओली माती मुठीत घेतली.

"अगं, या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात," मी तिचा हात धरला. "माणूस जाईल."

"गाय उठली की! समोर उभी आहे. तुझ्याच भावाची."

उत्तर माझ्या शेजारीच उभं होतं, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. मी दादाला भिंतीआड ओढलं.

"सांग त्यांना."

"वेड लागलंय का तुला? पैसे परत मागतील, वर केस होईल. तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"आणि तो वेल्डर मेला म्हणजे?"

"तो काय माझ्यामुळे..." भिंतीपलीकडे ती बाई मूठ घट्ट धरून निघाली होती. "लाज वाटते गं," तो म्हणाला.

"वाटू दे. पण सगळ्यांसमोर वाटू दे."

तो आत गेला. त्यानं तांबडीचा कान धरून वर केला. कानात आरपार भोक होतं.

"इथं सरकारी बिल्ला होता," दादा म्हणाला. "साथीत मेली ती माझी दुसरी गाय. म्हातारी, भाकड, तिची नोंदच केली नव्हती. बिल्ला नसेल तर अनुदान नाही. मग हिचा बिल्ला कापला आणि मेलेलीच्या कानात तारेनं बसवला. रंग एकच. साहेबांनी फोटो बघून सही केली. ही कधी मेलीच नव्हती. मागच्या खोलीत लपवली होती."

"बेटा, तुला भ्रम झालाय," बाबा म्हणाले.

"भ्रम नाही, बाबा. चोरी आहे."

मग जे कानावर पडलं ते लिहिण्यासारखं नाही. दादाला शिव्या बसल्या, मलाही बसल्या. कोंबडीवाला तर पायाशी थुंकला. या गडबडीत फुंकरबाबांनी बाटल्या आवरल्या आणि वरच्यांची परवानगी न घेता निघून गेले.

वेल्डरची बायको दारातच थिजली होती. "मग मी आता काय नेऊ?" तिनं विचारलं. दादानं तिची मूठ सोडवली, बादलीतल्या पाण्यानं तिचा हात धुतला आणि दुधाच्या टेम्पोतून तिच्या नवऱ्याला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, जखम साफ केली. पाय वाचला. वेल्डर आता आमच्याशी बोलत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

दादानं कार्यालयात लेखी कबुली दिली. वहिनी अजून बाजारात जात नाही. घराची अब्रू गेली ती गेली. पण ढोंगी बाबाला आम्ही बोलावलं नव्हतं. आमचं खोटं त्याला आयतं सापडलं. म्हणून तुम्हाला सांगते, मेलेलं उठलं असं कोणी म्हणालं तर हात जोडण्याआधी विचारा की ते मेलेलं पाहिलं कोणी. आणि हे माहीत असलेला माणूस तुमच्याच घरात असेल, तर त्याला गप्प बसू देऊ नका. मी बसले होते.